आडाखालच्या मुलखाचे खिळे

‘आडाखालचा मुलूख’ हे पुस्तक सगळ्यांत आधी मी वाचलं, आणि तेही उलटं. यात बढाई काही नाही. केजच्या सहकारी छापखान्यात मी अडतीस वर्षं खिळे जुळवले, आणि खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटंच असतं. द्वारकाबाई गायसमुद्रे यांच्याविषयी आता पुष्कळ लिहून येतं. त्यांची कल्पनाशक्ती, त्यांचं बालमन वगैरे. त्यातलं मला फारसं कळत नाही. मी त्यांची अक्षरं हाताळली, तेवढ्यापुरतं सांगतो.

ज्यांनी जुना छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी आमचं काम. शिशाचा एकेक खिळा, त्याच्या टोकावर एकेक अक्षर. असे हजारो खिळे लाकडी केसमधल्या खणांत ठेवलेले. कान्याचा खण वेगळा, वेलांटीचा वेगळा, अर्ध्या अक्षरांचे तर कितीतरी. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे बसवायची लोखंडी पट्टी, धरायची आणि उजव्या हातानं न बघता खिळा उचलून ओळ लावायची. पान झालं की दोऱ्यानं बांधायचं, शाई फिरवून कच्ची प्रत काढायची. तिला प्रूफ म्हणतात. चुका दुरुस्त केल्या की पान मशीनवर चढतं. छापून झालं की सगळे खिळे सोडून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, कारण उद्याच्या कामाला तेच लागतात. पान सोडायला जुळवण्याइतकाच वेळ जातो, फक्त त्यात आनंद नसतो.

आमचा छापखाना सभासदांच्या मालकीचा. तालुक्यातल्या दूध सोसायट्यांच्या पावत्या, सेवा सोसायट्यांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा, अहवाल आणि लग्नपत्रिका, एवढाच आमचा साहित्यव्यवहार. गिऱ्हाइकं मात्र एकेक होती. एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्या तेराव्याची पत्रिका छापून घ्यायला आले होते. पोरांच्या हातून शुद्धलेखनाच्या चुका होतात म्हणाले. ‘तारीख तेवढी कोरी ठेवा.’ ठेवली.

शुद्धलेखन ही माझीही दुखरी जागा. घरात आम्ही दखनी बोलणारे. आई मराठी बोलायची ती बाजारापुरती. मी छापखान्यात लागलो तेव्हा थोरल्या जुळाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘तुला रे मराठी जमायची का?’ पाच वर्षांत मात्र मी अशी वेळ आणली की तेच मला ऱ्हस्वदीर्घ विचारायला लागले. रशीदच्या हाताखालून चूक जात नाही, असा माझा लौकिक झाला. तो मी फार जपला. त्याचा परिणाम पुढे येईलच.

द्वारकाबाईंचं नाव मी पहिल्यांदा आईच्या तोंडून ऐकलं. बहात्तरचा दुष्काळ होता. नांदूरघाटच्या बाजूला पाझर तलावाचं काम चालू होतं आणि आई तिथं खडी फोडायला जायची. युसूफ वडगावच्या शाळेत बाई शिक्षिका होत्या. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर कामावर गेली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी बाई त्यांच्यामागे कामावर जायला लागल्या. बाभळीला फळा टेकवून शिकवायच्या. दुपारी पोरांना खायला सुकडी मिळायची, तिची रांग लांबलचक. रांगेत भांडणं होऊ नयेत म्हणून बाईंनी गोष्ट सुरू केली.

एक पोरगा म्हणाला होता, ‘बाई, आमच्या आडातलं पानी कुठं गेलं?’

‘ऊसतोडीला,’ बाई म्हणाल्या.

पोरं हसली आणि मग गप्प झाली. कारण बऱ्याच जणांचे काका, मामा, थोरले भाऊ तिकडंच गेलेले होते.

‘मंग कवा येनार?’ त्या पोरानं विचारलं. तिथून गोष्ट निघाली.

आई संध्याकाळी घरी येऊन मला सांगायची, ‘वो बाई आज बकरीकी बात बोली रे. सुनते सुनते मेरा हातच रुक गया.’ मुकादमानं तिला दोनदा टोकलं होतं, तरी ती बाभळीजवळची जागा सोडत नव्हती.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले आणि एका शनिवारी, सकाळची शाळा करून, बाई छापखान्यात आल्या. पांढरं सुती लुगडं, खांद्याला पिशवी, पिशवीत दोनशे पानी वही. आमचे मॅनेजर पुजारीसाहेब भले माणूस, पण भित्रे. ते म्हणाले, ‘बाई, आपल्याकडे सोसायट्यांचीच कामं होतात. गोष्टीबिष्टी छापायच्या म्हणजे औरंगाबादला जावं लागेल.’

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. महिन्यापूर्वी त्यांनी छापखान्याचा एक शेअर घेतला होता. ‘मी सभासद आहे,’ त्या म्हणाल्या. ‘सभासदांचं छपाईचं काम करणं हा संस्थेचा उद्देश आहे, असं तुमच्याच पोटनियमात पहिल्या पानावर आहे. पोटनियम तुम्हीच छापलेत.’

ते पान मीच जुळवलं होतं. पुजारीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. असं ते काम माझ्या केसवर आलं.

आता गोष्टीविषयी दोन शब्द, कारण हल्ली ती न वाचताच तिच्याविषयी बोलणारे वाढलेत. येसू नावाची नऊ वर्षांची मुलगी आणि तिची बोडकी शेळी कोरड्या आडात उतरतात. खाली एक मुलूख आहे. गावोगावची आटलेली पाणी तिथं कामाला आलेली आहेत. आडाचं पाणी, ओढ्याचं पाणी, रांजणाचं पाणी, प्रत्येकाची आपली खोप, आपली चूल. येसूला त्यातून आपल्या गावचं पाणी ओळखून काढायचंय. दिसायला सगळं पाणी सारखंच. मग ती प्रत्येक खोपीपुढं उभी राहून स्वतःचं नाव घेते. जे पाणी तिच्या आडात घुमायचं तसं ‘येऽसू’ म्हणेल, ते तिचं. खिळे जुळवताना मजकुराकडे लक्ष द्यायचं नसतं, नाहीतर हात चुकतो. त्या पानावर माझा हात तीनदा चुकला.

आणि याच पुस्तकात मी शहाणपणा केला. बाईंची येसू, शेळी आणि पाणी आपल्याकडच्या बोलीत बोलतात. ‘न्हाई’, ‘लई’, ‘का’ऐवजी ‘कावून’. मला वाटलं, बाईंनी घाईत लिहिलंय. पुस्तक लोकांसमोर जाणार, आपण सुधारून द्यावं. पहिली सोळा पानं मी शुद्ध मराठीत जुळवली आणि प्रूफं त्यांच्या हातात दिली. शाबासकी मिळेल अशी खात्री होती.

पुढच्या शनिवारी बाई आल्या. प्रूफं माझ्या टेबलावर ठेवली. ‘रशीदभाई, पोरांना वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही.’

‘गोष्ट नवी आहे, बाई.’

‘गोष्ट त्यांना पाठ आहे.’ त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ‘ही शेळी कुठल्या शाळेत शिकली?’

मी वाकून पाहिलं. शेळी म्हणत होती, ‘मी मुळीच येणार नाही.’

‘माझ्या वहीत ‘म्या न्हाई येत’ आहे,’ बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, ‘बाई, पुस्तकात शुद्धच लागतं. लोक तुम्हाला नावं ठेवतील. मास्तरीण असून असं लिहिते म्हणतील.’

त्यांनी प्रूफांची चळत सारखी केली. मग म्हणाल्या, ‘लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आमची वस्ती, आमची भाषा, आमचं पाणीसुद्धा लोक अशुद्ध म्हणत आले. तुम्ही घरी काय बोलता?’

‘दखनी.’

‘आणि इथं?’

‘शुद्ध.’

त्या हसल्या. ‘आपल्या दोघांनाही शुद्ध व्हायची लई घाई झालीय, रशीदभाई. शेळीला कशाला त्यात ओढायचं?’

मला राग आला होता, हे लपवत नाही. पंधरा दिवसांची मेहनत वाया गेली होती. पण त्यांचं बोलणं डोक्यातून जाईना. पानं सोडली आणि वहीत होतं तसं जुळवायला घेतलं. तर पाचव्याच पानावर खिळे संपले. ‘न्हाई’ला अर्धा न लागतो. सोसायटीच्या नोटिशीत अर्धा न लागतो किती? आमच्या केसमध्ये त्याचा एवढासा खण. आणि बोडकी शेळी तर ऊठसूट ‘न्हाई’ म्हणणारी. मी एसटीनं अंबाजोगाईला गेलो आणि तिथल्या एका छापखान्यातून अर्धे न उसने मागितले. मालकांनी पुडी बांधता बांधता विचारलं, ‘एवढे अर्धे न? कुणाचा जाहीरनामा आहे का?’

‘शेळीचा,’ मी म्हणालो.

नवी प्रूफं बाईंनी शाळेत वाचली. पुढच्या शनिवारी त्या आल्या तेव्हा नुसता अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. माझ्या नोकरीत मला तेवढंच प्रमाणपत्र मिळालं.

शेवटचं पानही दोनदा जुळवलं. वहीत होतं त्याप्रमाणे शेवटी पाणी येसूबरोबर परत येतं आणि आड तुडुंब भरतो. ते पान मी बांधूनही ठेवलं होतं. बाई आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. म्हणाल्या, ‘काल एका मुलीनं विचारलं, मंग आमच्या आडात कावून आलं न्हाई? मला उत्तर देता आलं नाही.’ तिथंच बसून त्यांनी शेवट बदलला. आता पाणी म्हणतं, माझं काम झाल्याबिगर मला येता येत न्हाई, पन मी जित्तं हाय एवढं गावाला सांग. येसू एकटी वर येते. तिच्या हाताचा तळवा ओला आहे. गाव जमेपर्यंत उन्हानं तो वाळून जातो. कुणाचा विश्वास बसत नाही. फक्त शेळी म्हणते, ‘म्या बघितलं.’ तिथं पुस्तक संपतं. मुलांच्या पुस्तकाचा असा शेवट मी तोवर पाहिला नव्हता. पण तो मला बदलावासा वाटला नाही. तेवढी अक्कल आली होती.

मग खरं संकट आलं. अठ्ठेचाळीस पानं मशीनवर निघाली होती आणि सोळा बांधून तयार होती, पण कागद संपला. त्या वर्षी कागदाची टंचाई होती, पुरवठा महिनाभर लांबला. तशात आमचे चेअरमन गाडीतून उतरले. एका मोठ्या सोसायटीची सभा जवळ आली होती आणि तिचा अहवाल छापायचा होता.

‘जुळवायला घ्या,’ ते म्हणाले.

‘खिळे मोकळे नाहीत, साहेब,’ मी म्हणालो. ‘सोळा पानांत अडकलेत.’

‘कशाची पानं?’

‘गोष्टीची.’

‘मग सोडा की ती. अहवाल महत्त्वाचा का गोष्ट?’

पुजारीसाहेब खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, ‘उद्या सकाळी सोडतो.’ चेअरमन ठीक म्हणाले आणि गेले.

ती पानं एकदा सोडली असती तर पुन्हा जुळवायची पाळी कधी आली असती, देव जाणे. एका अहवालामागे दुसरा येतच असतो. मी पुजारीसाहेबांना म्हणालो, ‘कपाटात हँडबिलाचा रंगीत कागद पडलाय. जत्रेच्या जाहिरातीचा उरलेला.’ ते घाबरले. ‘पुस्तक आणि गुलाबी कागदावर? बाई काय म्हणतील?’ बाईंना विचारायला वेळ नव्हता. पुजारीसाहेबांनी एक सुस्कारा सोडला, कपाटाची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली आणि चहाला निघून गेले. तो माणूस तसा भित्रा, पण किल्ली त्यानंच ठेवली हे लिहायला हवं. मी आणि मशीनवरचा दत्तू, आम्ही दिवस मावळायच्या आत सोळाही पानं काढली. काही गुलाबी, काही पिवळी, आणि आडाखालच्या खोपींची नेमकी हिरव्या कागदावर आली. तो योगायोग होता. सकाळी मी शब्दाप्रमाणे खिळे सोडून अहवालाला हात घातला.

बाईंनी रंगीत पानं हातात घेतली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, ‘पोरांना वाटेल मुद्दाम केलंय. त्यांना सांगू नका.’ आज त्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती अभ्यासक शोधत फिरतात आणि हिरव्या पानांचा अर्थ लावतात. मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुस्तक निघाल्यावर बाईंच्या वस्तीतल्याच एका शिकलेल्या तरुणानं त्यांना अडवलं होतं. मी प्रती पोचवायला गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोरच. तो म्हणाला, ‘बाई, आपण धम्म घेतला तो भाकडकथा सोडण्यासाठी. आणि तुम्ही पोरांना बोलक्या शेळ्या सांगता?’

बाई शांतपणे म्हणाल्या, ‘माझ्या शेळीपुढं कुणी नारळ फोडत नाही, नवस बोलत नाही. शेळी बोलत नसते हे पहिलीतल्या पोराला कळतं. मग तरी ती का बोलली, याचा ते विचार करतं. विचार करायलाच शिकवतेय ना मी?’

त्याला ते पटलं की नाही माहीत नाही. पण तो पाच प्रती घेऊन गेला.

बाईंनी एकूण तीनच पुस्तकं लिहिली. लोक विचारतात, एवढी कमी का? त्यातला थोडा दोष माझ्याकडे येतो. दुसरी वही घेऊन त्या आल्या तेव्हा सहकारी संस्थांच्या निवडणुका होत्या. मी म्हणालो, ‘निवडणुका होऊ द्या, मग बघू.’ त्या बरं म्हणाल्या. त्या कधी आग्रह करायच्या नाहीत, आणि मीही निरोप पाठवला नाही. ती वही दोन वर्षं त्यांच्या पेटीत राहिली. नमुना मतपत्रिका छापण्यात माझी ती दोन वर्षं गेली. त्या मतपत्रिकांवरचं एकही नाव आज मला आठवत नाही.

पुढे ऑफसेट आलं, पुण्याच्या प्रकाशकानं बाईंची पुस्तकं सुंदर चित्रं घालून काढली, शाळांनी वाचनकट्ट्यांना त्यांचं नाव दिलं. आमचे खिळे वजनावर मोडीत गेले. बाई निवृत्त झाल्या तरी दरवर्षी दसऱ्याआधी एक काम त्या चुकवत नसत. ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पडण्याआधी त्या वडवणीपासून इकडच्या गावांपर्यंत फिरायच्या आणि आईबापांबरोबर निघालेल्या पोरांच्या हातात एकेक प्रत द्यायच्या. ‘शाळा सुटली तरी वाचणं सुटू नये,’ एवढंच सांगायच्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. युसूफ वडगावच्या विहारात शोकसभा होती. त्रिशरण झालं, साहेब लोक बोलले, बाईंची मुलगी प्रज्ञा बोलली. मलाही दोन शब्द सांगायला लावले. मी खाली बसलो तेव्हा मागून एक म्हातारा उठला. डोक्याला पटका, हातात काठी. लक्ष्मण मुकादम म्हणून वडवणीकडचे, चाळीस वर्षं टोळी नेलेले. ते माइककडे गेलेच नाहीत. सरळ माझ्यासमोर आले.

‘पुस्तक तुमी छापलं?’

‘जुळवलं. हो.’

‘मंग तुमाला शेवट ठावं आसंल. बाईनं माज्या नातीला दिलतं ते पुस्तक. कारखान्यावर ती समद्या कोप्यांत वाचायची. आमच्या मंडळीला, म्हंजी नातीच्या आजीला, वाचता येत न्हाई. तिनं शेवटचं पान, नातीनं वाचायच्या आदीच, चुलीला लावलं. तवाधरनं आमी आमचाच शेवट सांगतो. खरा काय हाय?’

सभा थांबली होती. मी त्यांना शेवट सांगितला. येसूचा ओला तळवा, तो कसा वाळला, शेळी काय म्हणाली. त्यांनी तो नीट ऐकून घेतला.

‘तुम्ही काय सांगता?’ मी विचारलं.

ते जरा संकोचले. ‘आमी सांगतो, येसू एकटी वर येतच न्हाई. पानी म्हनतं, जा. ती म्हनती, न्हाई. तुजं काम सरंस्तोवर हितंच ऱ्हाते. आन तिथंच खोपीत ऱ्हाती, पान्याचं जेवन करती, पान्याच्या धाकट्याला सांबाळती. मंग काम सरल्यावर दोघं मिळून गावाला येत्यात.’ थोडं थांबून म्हणाले, ‘आमच्यात पोरं अशीच ऱ्हात्यात ना. आईबापाला सोडून एकटं कोन यील?’

प्रज्ञानं डोळ्यांना पदर लावला.

‘मंग आमी चुकीचं सांगितलं का, इतकी वर्सं?’ मुकादमांनी विचारलं.

‘न्हाई,’ मी म्हणालो. ‘बाईंच्या कानावर हे गेलं असतं, तर त्यांनी मला ते पान पुन्हा जुळवायला लावलं असतं.’

मुकादमांनी माझ्या हातांकडे बघितलं. ‘तुमाला लई काम पडलं आसतं.’

‘पडलं असतं,’ मी म्हणालो. ‘केलं असतं.’